कर्नलची चूक

पंपघरात त्याला सगळे रीस्टार्टराव म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच पडून होतं. कोणाची काहीही तक्रार असो, स्क्रीन काळी पडली, प्रिंटर कागद गिळतोय, माऊस रुसलाय, याचा पहिला प्रश्न ठरलेला: "रीस्टार्ट केलं का?" एकदा साहेबांच्या केबिनमधला पंखा कुरकुरत होता, तेव्हाही याच्या तोंडून हेच निघालं. त्या दिवशी बारसं उरकलं.

या औषधावर त्याची श्रद्धा इतकी, की नियंत्रण कक्षातला मुख्य संगणक रोज पहाटे आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा, अशी सोयच त्यानं करून ठेवली होती. "माणूस उठल्यावर तोंड धुतो, मग मशीननं काय पाप केलंय?" असं त्याचं म्हणणं. मशीनला तोंड नसतं, हे त्याला सांगायला कोणी गेलं नाही. पंपघरात संगणकातलं कळणारा तो एकटाच, आणि ज्याला एकट्याला कळतं त्याच्याशी वाद घालायचा नसतो, एवढं शहाणपण सगळ्यांना होतं.

नियंत्रण कक्ष पंपांच्या बरोबर डोक्यावर होता. खाली पंप घुमायला लागले की वर टेबलावरच्या चहाला बारीक सुरकुत्या पडायच्या. कोपऱ्यात राखाडी लोखंडी कपाट, त्याला मागच्या बाजूनं कुलपाचं दार, कपाटात मुख्य संगणक, आणि संगणकाच्या पाठीला दोन नेटवर्क कार्डं, हुबेहूब एकसारखी. एका कार्डातून निळी वायर निघून टेकडीवरच्या टाकीपर्यंत जायची. टाकीत पाणी किती आहे ते तिच्यातून कळायचं. दुसऱ्यातून पिवळी वायर ऑफिसकडे जायची. संगणक चालायचा लिनक्सवर, आणि लिनक्सनं या कार्डांना नावं दिली होती ईथ-शून्य आणि ईथ-एक. निळी वायर शून्याची, पिवळी एकची. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर टाकी हिरवी दिसली की सगळं आलबेल. लाल झाली की टाकीचा काही ठावठिकाणा नाही, असं समजायचं.

"दोघंही 'इथं' म्हणतायत, मग तिथं कोण आहे?" हा विनोद वायरमनचा. तो दर काही दिवसांनी नव्यानं सुचल्यासारखा करायचा आणि रीस्टार्टराव दर वेळी हसायचा. दोघं एकाच सुमाराला नोकरीला लागले, एकाच बाकावर बसून जेवत आले. वायरमनच्या घरी आता रांधणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून रीस्टार्टरावची बायको डब्यात दोघांचं भरायची. पंपघराच्या आवारातच, मागच्या भिंतीला लागून, वायरमनला एक खोली मिळाली होती. नोकरी आहे तोवर खोली आहे. त्याच्याकडे या दोनच गोष्टी होत्या.

गोंधळाला नेमकी कधी सुरुवात झाली, ते रीस्टार्टरावला नंतरही धड सांगता आलं नाही. मुख्य कार्यालयाचा हुकूम आला म्हणून त्यानं लिनक्सची नवी आवृत्ती चढवली, एवढं खरं. त्यानंतर एका सकाळी कपाटामागची धूळ पुसायला वाकला आणि बघतो तर काय, निळी वायर पिवळीच्या जागी आणि पिवळी निळीच्या! आणि भिंतीवर टाकी मात्र हिरवीगार. त्यानं डोळे चोळले. मग मुकाट्यानं दोन्ही वायरी आपापल्या जागी लावल्या, आणि टाकी लाल झाली.

आता आली का पंचाईत? वायरी चुकल्या की चित्र बरोबर, वायरी बरोबर लावल्या की चित्र चूक. त्यानं आपलं रामबाण औषध काढलं. रीस्टार्ट केलं, लाल. पुन्हा केलं, हिरवं. वायरी जागेवर, चित्रही जागेवर. सुटलो बुवा, म्हणत तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर वायरी पुन्हा उलट्या, आणि टाकी हिरवी.

असं चालूच राहिलं. कधी वायरी सुलट असायच्या, कधी उलट, पण तो कामावर पोचायचा तेव्हा टाकी हिरवीच असायची. त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. आपणच काहीतरी करतोय आणि विसरतोय, असा संशय त्याला येऊ लागला. एकदा जेवताना त्यानं बायकोला विचारलं, "माझ्या वागण्यात तुला काही फरक वाटतो का गं?"

"लग्नापासून तरी नाही," ती म्हणाली.

त्या भ्रमातच एक दिवस जिन्यात साहेब भेटले, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, कपाटामागच्या वायरी कोणीतरी बदलतंय बहुतेक." बोलला आणि विसरला. साहेब विसरले नाहीत. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि संशय त्याच्याही पुढे.

मग टाकी वाहिली. वायरमनच्या भाचीला बाळ झालं होतं, तो रजा टाकून तिकडे गेला होता. त्या सकाळी स्क्रीन लाल होती. लाल म्हणजे टाकी रिकामी, असा सोयीस्कर अर्थ काढून पंपचालकानं पंप चालूच ठेवले. रीस्टार्टराव सायकलवरून येत होता, तेव्हा टेकडीच्या रस्त्यानं पाणी ओढ्यासारखं खाली येत होतं. पायथ्याशी शिंप्याचं दुकान. गिऱ्हाइकांचे कपडे डोक्यावर धरून शिंपी दारात उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पंपघराच्या नावानं शिव्या ऐकवत होता.

वायरमन रजेवरून परतला, त्याच दिवशी साहेबांनी रीस्टार्टरावला केबिनमध्ये बोलावलं. "कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक वायरमनकडे."

"वायरी कोणीतरी बदलतंय, असं तुम्हीच म्हणालात. तुम्ही तर बदलत नाही?"

"नाही."

"मग उरलं कोण?"

"पण साहेब, तो रजेवर होता त्या दिवशी!"

"जाता जाता उद्योग करून गेला असेल. मुख्य कार्यालयातून चौकशीला बाई येतायत. त्यांच्यासमोर ठेवतो सगळं. नोकरी जाईल आणि खोलीही रिकामी करावी लागेल, हे त्याच्या कानावर घाला."

रीस्टार्टराव केबिनबाहेर आला. जिन्यात फेकलेलं एक वाक्य, आणि त्यानं मित्राच्या डोक्यावरचं छप्पर काढायची वेळ आणली होती. त्याला स्वतःचीच चीड आली. दुपारी त्यानं बाकावर डबा उघडला आणि वायरमनपुढे सरकवला.

"एक खरं सांग," तो म्हणाला, "तू त्या कपाटामागच्या वायरींना हात लावतोस का?"

"मी कशाला लावू?" वायरमन डब्यात बघत म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं?"

"साहेब तुला काढायचं म्हणतायत. खोली जाईल."

वायरमनचा हात जरा थांबला. मग त्यानं घास तोंडात घातला आणि म्हणाला, "बघू."

एवढंच. रीस्टार्टरावनं त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला. वायरमन नाही म्हणतो म्हणजे नाही. आपण बदलत नाही म्हणजे नाही. मग वायरी काय पाय फुटून चालतात? बाई येईपर्यंत याचा छडा लावायचा, या हट्टानं तो पेटला.

पंपचालकाला सांगून त्यानं पंप हातानं चालवायला लावले आणि खुर्ची अशी ठेवली की एका डोळ्याला वायरी दिसाव्यात आणि दुसऱ्याला स्क्रीन. रीस्टार्ट. हिरवं. रीस्टार्ट. हिरवं. रीस्टार्ट. लाल! तो ताडकन उठला. वायरींकडे कोणी फिरकलंही नव्हतं. निळी निळीच्या जागी, पिवळी पिवळीच्या. मग काय बदललं? संगणक जागा होताना स्वतःच्या छोट्या स्क्रीनवर भराभर ओळी टाकत जातो, त्या त्यानं पहिल्यांदाच नीट वाचल्या. मघाशी डावीकडचं कार्ड शून्य होतं. आता तेच एक झालं होतं आणि उजवीकडचं शून्य. वायरी जागेवरच होत्या, नावं फिरली होती.

आता दोन कार्डं जागच्या जागी बसल्या बसल्या आपसांत नावं कशी बदलतील? तो संध्याकाळी घरी गेला तरी हेच डोक्यात. घरात त्याची थोरली बहीण राहायला आली होती. तिला तो ताई म्हणायचा, आणि त्याचं ऐकून त्याची बायकोही. इकडे त्याच्या थोरल्या मुलीला धाकटी ताई म्हणायची, आणि धाकटीचं ऐकून पुन्हा सगळं घर. बायको आतून ओरडली, "ताई, जरा दार बघ गं!" बहीण आणि मुलगी दोघी उठल्या. बहीण दाराजवळ बसली होती, ती आधी पोचली. मुलगी परत जाऊन बसली. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली, "ताई, इकडे ये." या वेळी मुलगी पुढे गेली. बायकोला दोन्ही वेळा नक्की कोण हवं होतं, ते देवालाच ठाऊक.

रीस्टार्टराव भिंतीला टेकून हे बघत होता, तो एकदम सरळ बसला. "जी आधी ओ देते ती ताई!" तो म्हणाला.

"काय?" बहीण म्हणाली.

"जे कार्ड आधी ओ देतं ते शून्य!"

"याला जरा लवकर जेवायला वाढ," बहीण बायकोला म्हणाली.

पण गोष्ट तशीच होती. लिनक्सच्या पोटात कर्नल असतो. संगणक सुरू होताना सगळ्यात आधी तो उठतो आणि मग एकेका यंत्राला उठवतो. जुना कर्नल शिस्तीचा होता. आधी डावं कार्ड उठवायचा, मग उजवं, म्हणून नावं कायम तीच राहायची. नवा कर्नल घाईचा. वेळ वाचवायला दोघांना एकदमच हाक मारायचा, आणि जे आधी ओ देईल त्याच्या कपाळावर शून्य मारून मोकळा व्हायचा. म्हणजे रोज पहाटे जुगार. आणि तो जुगार रोज पहाटे मांडत कोण होतं? तोंड धुवायला लावणारे रीस्टार्टराव!

प्रत्येक कार्डावर कारखान्यात कोरलेला एक क्रमांक असतो आणि तो कधी बदलत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं नियम लिहिला: हा क्रमांक दिसला की याला शून्य म्हण, तो दिसला की त्याला एक म्हण. झालं काम, असं त्याला वाटलं. रीस्टार्ट केलं, तर लाल! नाव बदलता येत नाही, कारण त्या नावाचं कोणीतरी आधीच आहे, अशी कर्नलची तक्रार. खरंच होतं ते. एक शून्य आधीच खुर्चीवर बसलेलं असताना दुसऱ्याला शून्य कसं करणार? घरात दोन ताया खपतात, कर्नलकडे खपत नाहीत. तेव्हा शून्य आणि एक ही नावंच सोडून द्यायची, असं त्यानं ठरवलं. टाकीच्या कार्डाला नाव दिलं 'तिकडचं', ऑफिसच्या कार्डाला 'इकडचं'. इंग्रजी अक्षरांत, पण अस्सल मराठीत. वायरी सुलट लावल्या, कपाट बंद केलं आणि मन भरेपर्यंत रीस्टार्ट केलं. दर वेळी हिरवं. एका बाजूला आनंद, पण दुसरीकडे एक गोष्ट कुरतडत होती. नावं फिरायची हे कळलं, पण मग सकाळी उलट्या झालेल्या वायरी? त्या त्यानं स्वतः बघितल्या होत्या. की आपणच उलट लावून विसरायचो? तसंच असेल, असं म्हणून त्यानं तो विचार बाजूला ढकलला, कारण दुसरा विचार त्याला नको होता.

तो साहेबांकडे धावत गेला. "साहेब, सापडलं! वायरमनचा काही दोष नाही. चूक कर्नलची आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "कर्नल? आपल्या पाण्यात लष्कराचा काय संबंध?"

"तसला कर्नल नाही साहेब. आतला कर्नल."

"आत आलाच कसा?" साहेब कडाडले आणि त्यांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला फोन लावला. त्यांना समजावता समजावता रीस्टार्टरावला घाम फुटला. शेवटी साहेब म्हणाले, "बाईंसमोर करून दाखवा. पटलं तर ठीक. नाहीतर वायरमन घरी." पहारेकऱ्याला फोन करून कर्नलला अडवायचा हुकूम मागे घ्यायचं मात्र ते विसरले. दुसऱ्या दिवशी चौकशीच्या बाई फाटकावर आल्या, तेव्हा पहारेकऱ्यानं त्यांना अदबीनं विचारलं, "आपण कर्नल का?"

नियंत्रण कक्षात साहेब आणि बाई खुर्च्यांवर बसले. वायरमनला कपाटाजवळ उभं केलं होतं, आरोपी म्हणून. रीस्टार्टरावनं स्वच्छ शर्ट घातला होता. त्यानं सगळं सांगितलं, शून्य, एक, इकडचं, तिकडचं. मग म्हणाला, "वायरींना कोणी हात लावत नाही, हे आता तुमच्या डोळ्यांदेखत दिसेल," आणि रीस्टार्ट केलं.

संगणक निजला तशी स्क्रीन लाल झाली. ती होणारच, तो उठेपर्यंत लालच राहते. तेवढ्या वेळात तो कपाटाकडे पाठ करून बाईंना ताईची गोष्ट सांगत होता. बाई हसल्या. साहेबही हसल्यासारखे झाले. मग संगणक उठला, आणि टाकी लालच राहिली.

रीस्टार्टराव कीबोर्डकडे धावला. त्यानं नावं तपासली. तिकडचं तिकडचंच होतं, इकडचं इकडचंच. कर्नलनं काही केलं नव्हतं. मग राहिलं काय? तो कपाटामागे डोकावला. तिथं वायरमन वाकून उभा होता, आणि निळी वायर पिवळीच्या जागी होती.

"काय केलंस हे?" रीस्टार्टराव कुजबुजला.

"घाबरू नको. लाल झालं होतं, बदलून टाकल्या. आता होईल हिरवं. नेहमी होतं."

"नेहमी?"

वायरमननं मान खाली घातली.

"सापडला की नाही!" साहेब खुर्चीतून उठलेच. "मी काय म्हणत होतो?"

रीस्टार्टरावला कान बधिर झाल्यासारखं झालं. ज्याची बाजू मांडायला तो उभा होता, त्यानंच हात लावला होता. आणि तोंडावर नाही म्हणाला होता. त्यानं यंत्रासारख्या वायरी सुलट केल्या. टाकी हिरवी झाली, पण आता तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

बाईंनी वायरमनला समोर बोलावलं. "का बदलत होता तुम्ही?"

"सकाळी लवकर येतो मी, बाई. लाल दिसलं की वायरी बदलायच्या, हिरवं होतं. त्यातलं मला जास्त काही कळत नाही." तो थांबला. मग रीस्टार्टरावकडे न बघता म्हणाला, "नवीन लिनक्स आल्यापासून याला ते जमत नव्हतं. रोज काहीतरी चुकायचं. साहेब येऊन बघतील आणि याला बोलतील, म्हणून मी आधी येऊन नीट करून ठेवायचो. आणि कोणाला सांगितलं तर याचंच नाव खराब होणार. माणूस चांगला आहे बाई, याला काढू नका."

खाली पंप घुमत होते. रीस्टार्टरावचा चेहरा तापला. अख्खं पंपघर आपल्या भरवशावर चालतं, असं त्याला वाटत होतं, आणि तो स्वतः मात्र या माणसाच्या भरवशावर चालला होता. गप्प बसावं की काय, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. पण मागच्या भिंतीजवळची ती खोली डोळ्यांसमोर आली.

"बाई," तो म्हणाला, "नावं उलटी पडली की वायरी उलट लावणं हाच उपाय होता. हा ते बरोबरच करत होता. मी येऊन सुलट करायचो आणि बिघडवायचो. ज्या दिवशी हा नव्हता, त्याच दिवशी टाकी वाहिली. आणि रोज पहाटे ते रीस्टार्ट मी लावलं होतं. ते नसतं तर नावं अशी रोज फिरलीच नसती."

बाईंनी निकाल दिला. पहाटेचं रीस्टार्ट बंद. कपाटाची दुसरी किल्ली साहेबांकडे. रीस्टार्टरावला लेखी ताकीद. वायरमन कामावर राहील, खोलीतही राहील, पण कपाटाच्या मागे जाणार नाही.

"आणि कर्नल?" साहेबांनी विचारलं. त्यांना अजून कोणाला तरी शिक्षा हवी होती.

"तो आपल्या हाताखाली नाही," बाई म्हणाल्या.

दुपारी दोघं बाकावर बसले. डबा मध्ये होता.

"तुला मी बिनकामाचा वाटत होतो?" रीस्टार्टरावनं विचारलं.

"हो," वायरमन म्हणाला.

"मग तोंडावर सांगायचं होतंस."

"सांगून तुला आलं असतं का?"

रीस्टार्टरावला राग यायला हवा होता. तो येईना, आणि का येत नाही तेही कळेना. त्यानं झाकण काढलं, नेहमीसारखे दोन वाटे केले.

"आणि खोली गेली असती तर? कुठे गेला असतास?"

हा माणूस आज इतके वेडगळ प्रश्न का विचारतोय, अशा नजरेनं वायरमननं त्याच्याकडे बघितलं.

"तुझ्याकडे," तो म्हणाला. "अजून कुठे?"